नायट्रोजनचा जार आणि हॅम्बुर्गचा लेसर

मे महिन्यात आमच्या खान्देशात पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकतो. दुपारी एसटी स्टँडवर रसवंतीवाला सोडला तर माणूस दिसत नाही. अशाच एका दुपारी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन बघा. कोपऱ्यात, जुन्या टेबलाखाली, घागरीएवढा ॲल्युमिनिअमचा एक जार ठेवलेला असतो. त्याच्या पोटात उणे १९६ अंश सेल्सिअस थंडी असते. गायी-म्हशी भरवायला लागणाऱ्या वीर्याच्या कांड्या त्यातल्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवतात. झाकण उघडलं की पांढरी वाफ जमिनीवर लोळत जाते आणि गायीसोबत आलेला पोरगा दोन पावलं मागे सरतो.

एवढी थंडी आपल्या गावात टेम्पोतून येते आणि तिचा उपयोग फक्त गायींना होतो, याचं मला नोकरीभर नवल वाटत आलं. कारण १९८७ साली अमेरिकेत एक काळा, ठिसूळ, चिनी मातीच्या भांड्यासारखा पदार्थ सापडला, त्याला अतिवाहक व्हायला एवढी थंडी पुरून उरते. इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं ते संयुग. उणे १८० अंशांच्या आसपास त्याचा वीजविरोध शून्य होतो आणि ते चुंबकीय क्षेत्राला आपल्या अंगातून बाहेर ढकलतं. त्याच्या आधी, म्हणजे १९११ साली लायडनमध्ये कॅमरलिंग ऑनेस यांना पाऱ्यात अतिवाहकता सापडली तेव्हापासून, हा सगळा खेळ द्रवरूप हीलियमचा होता. उणे २६९ अंशांचा, महागडा, मोठ्या प्रयोगशाळांनाच परवडणारा. १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांचं दार उघडलं, दुसऱ्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, आणि अतिवाहकता नायट्रोजनच्या आवाक्यात आली. माझ्या हिशेबाने ती त्याच वर्षी आमच्या गुरांच्या दवाखान्याच्याही आवाक्यात आली. कोणी तिला आणलं नाही, एवढंच.

आम्ही एकदा आणली. तापीकाठच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत होतो. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड मोजून घेतलं, खलात दोन-दोन तास घोटलं (बेरियम कार्बोनेट विषारी असतं, उंदरांना घालायचे पूर्वी, म्हणून तोंडाला उपरणं बांधून), साच्यात दाबून टिकल्या केल्या आणि नऊशे अंशांच्या वर भट्टीत भाजल्या. पहिली खेप हिरवी निघाली. हिरवी म्हणजे वाया. प्रमाण चुकलं की वेगळंच संयुग तयार होतं. दुसरी खेप काळी झाली, पण घाईने भट्टी उघडली आणि टिकल्या बाहेर काढल्या. चूक माझीच. हा पदार्थ हळूहळू थंड होताना ऑक्सिजन पितो, आणि किती प्यायला यावर त्याच्या स्फटिकाची ठेवण ठरते. कमी प्यायला तर तो विजेला अडवून धरतो, भरपूर प्यायला तर अतिवाहक होतो. तिसऱ्या खेपेला ऑक्सिजनचं सिलेंडर जोडून रात्रभर जागलो.

दवाखान्यातले डॉक्टरसाहेब मित्र. त्यांनी थर्मासभर नायट्रोजन दिला. टिकली बुडवली, तिच्यावर चिमुकलं चुंबक ठेवलं आणि ते दोन-तीन मिलिमीटर वर, हवेत, थांबलं. कॉलेजच्या आवाराला लागून ज्यांचं शेत होतं ते नाना खिडकीतून बघत होते. म्हणाले, ‘‘हाई काय जादू शे का सर?’’ मी त्यांना विरोध, वीज, तारा असं काहीबाही सांगितलं. ते ऐकून त्यांनी पुढचा प्रश्न टाकला: यावर माझी पाण्याची मोटार चालेल का?

तो प्रश्न मला अजून पुरतो. या लेखाला निमित्तही तोच, कारण गेली काही वर्षं अतिवाहकांची जी बातमी अधूनमधून फिरत येते तिच्या पोटातही हाच प्रश्न असतो. बातमी अशी: जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी प्रकाश टाकून खोलीच्या तापमानाला अतिवाहक बनवला, आता वीजगळती संपणार. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे, दुसरा भाग निव्वळ थाप आहे. आणि मजा म्हणजे थापेच्या धुरात त्या पहिल्या भागातली खरी नवलाई कोणाला दिसतच नाही.

आधी ती नवलाई. प्रकाशाने स्फटिक बदलता येतो हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे, फक्त त्या नावाने नाही. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी मिळायच्या ना? त्यांच्या पातळ थरावर लेसरचा ठिपका पडला की तिथला स्फटिक वितळून विस्कटायचा. जरा सौम्य ठिपका पडला की पुन्हा सुबक मांडणी व्हायची. गाणं पुसलं जायचं, दुसरं भरलं जायचं. पण ते काम उष्णतेचं होतं. लेसर तिथे फक्त बारीक टोकाची शेगडी होता. अतिवाहकाला उष्णता चालत नाही. ती त्याची वैरीण. म्हणून अतिवाहकावर प्रकाश टाकायचा आणि तरी त्याला तापू द्यायचं नाही, ही कल्पनाच मुळात उलटी आहे.

हॅम्बुर्गमध्ये माक्स प्लांक संस्थेत आंद्रेआ कावालेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच उलटी कल्पना धरून ठेवली. २०११ साली त्यांनी तांब्याच्या ऑक्साइडाचा असा एक स्फटिक निवडला, ज्यात अतिवाहकता जवळजवळ येऊन अडकलेली असते. त्याच्या जाळीत अशी वाकडी घडी बसलेली असते की इलेक्ट्रॉन पट्ट्यापट्ट्यांत थिजून राहतात. त्याच्यावर अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशाचा अतिशय छोटा स्पंद सोडला, जाळी हलली, आणि क्षणभर तो स्फटिक अतिवाहकासारखा वागला. मग ते त्या जुन्या काळ्या पदार्थाकडे वळले, आमच्या टिकलीच्याच भाऊबंदाकडे. सुमारे १५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश घेतला, कारण तांब्याच्या थरांना जोडणारा ऑक्सिजनचा एक अणू नेमका त्याच ठेक्यावर डोलतो. बाकी कोणाला फारसं न छेडता तेवढ्या अणूंना झोका द्यायचा.

आता इथे एक अडचण आहे. झोका जेवढा पुढे जातो तेवढाच मागे येतो. मग स्फटिकाची ठेवण बदलली कशी? जळगावच्या दालमिलमध्ये गेला असाल तर तिथली चाळणी आठवा. ती पुढे-मागे, पुढे-मागे थरथरत असते, पण वरची डाळ मात्र एकाच दिशेला सरकत जाते. स्फटिकात काहीसं असंच होतं. ऑक्सिजन दोन्ही बाजूंना सारखाच डोलतो, आणि त्या डोलण्याने शेजारचे अणू एकाच बाजूला ढकलले जाऊन, झोका चालू असेपर्यंत, तिथेच टिकून राहतात. उपमा थोडी लंगडी आहे, चाळणीला उतार असतो. पण स्फटिकातही एक उतार असतोच: अणूंमधले बंध आदर्श स्प्रिंगसारखे नसतात, ते एका अंगाला जरा जास्त मऊ असतात. पाठ्यपुस्तकात आम्ही पोरांना आदर्श स्प्रिंगच शिकवतो आणि बंधांचा हा वाकडेपणा ‘दुर्लक्षणीय’ म्हणून सोडून देतो. सगळं नवं विज्ञान त्या सोडून दिलेल्या पदात निघालं, याची मला शिक्षक म्हणून थोडी लाजही वाटते.

२०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या क्ष-किरण लेसरने हे सरकणं प्रत्यक्ष मोजलं गेलं. तांब्याचे जोडथर दोन पिकोमीटरने जाड झाले होते आणि त्यांच्यामधली जागा तेवढीच आकसली होती. दोन पिकोमीटर म्हणजे अणूच्या व्यासाचा शंभरावा हिस्सा. एवढ्याशा बदलाने थराथरांतली इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण सुधारते आणि अतिवाहकतेची लक्षणं खोलीच्या तापमानापर्यंत दिसतात. आम्ही जे रात्रभर भट्टीत, ऑक्सिजन पाजून करत होतो, म्हणजे अणूंना हवं तिथे बसवणं, ते हे लोक प्रकाशाने करतात.

टिकतं किती? काही पिकोसेकंद. सेकंदाचे लाख कोटी भाग करा, त्यातले मोजके. एका पिकोसेकंदात प्रकाश स्वतः ०.३ मिलिमीटर जातो, एवढाच. नंतर पोटॅशियम आणि फुटबॉलच्या आकाराचे कार्बनचे रेणू यांच्या एका संयुगात हीच लक्षणं २०२१ पर्यंत नॅनोसेकंदांवर नेता आली. २०२३ मध्ये असं दिसलं की प्रकाशाचा ठेका नीट जुळवला तर जवळपास शंभरपट कमी तीव्रतेत तोच परिणाम मिळतो. मोठी मजल आहे. पण तारेतून वीज नेण्याच्या दृष्टीने नॅनोसेकंद आणि पिकोसेकंद दोन्ही सारखेच निरुपयोगी. आणि तो क्षण आणायला जो लेसर चालवावा लागतो तो जेवढी वीज पितो तेवढ्यात नानांचं अख्खं शेत भिजेल.

म्हणून नानांच्या प्रश्नाला सरळ उत्तर: नाही, मोटार चालणार नाही. यावर नाही, आणि यातून दहा वर्षांत काही निघेल त्यावरही बहुधा नाही. शिवाय आमच्याकडच्या वीजगळतीचं दुखणं काही तांब्या-ॲल्युमिनिअमच्या वीजविरोधात तेवढं नाही. एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, झेपतील त्याच्या दुप्पट मोटारी असतात, डीपी जळाली की वर्गणी काढून ती ट्रॅक्टरवर घालून न्यावी लागते, बांधाबांधावरून लोंबणाऱ्या तारा असतात, आणि वीज चोरायला टाकलेले आकडे असतात. शून्य विरोधाच्या तारेवरसुद्धा आकडा टाकता येतोच.

असं स्पष्ट सांगितलं तर लोक विज्ञानाला पैसा देणार नाहीत, अशी भीती अनेक विद्वानांना वाटते. मला उलटं वाटतं. खोट्या वचनाने जे मिळतं ते पुढच्या वेळी दुपटीने जातं. २०२३ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातून शिसं-तांब्याच्या एका संयुगाची बातमी आली, खोलीच्या तापमानाला अतिवाहक म्हणून. आठवडाभर मोबाइलवर तरंगणाऱ्या काळ्या खड्याचे व्हिडिओ फिरले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह जगभर लोकांनी तो पदार्थ करून पाहिला, अतिवाहकता नव्हती. वीजविरोधातली ती नाट्यमय घसरण मुख्यतः भेसळीतल्या कॉपर सल्फाइडाची होती. विज्ञानाने ते काही आठवड्यांत निस्तरलं, पण आमच्या गावच्या चहाच्या टपरीवर ‘ते अतिवाहक वगैरे सगळं बोगस निघालं’ एवढंच उरलं.

हॅम्बुर्गचं काम बोगस नाही, पण वादातीतही नाही, आणि हेही लोकांना सांगायला हवं. कार्बनच्या त्या संयुगाबाबत कॅनडातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये नेमका आक्षेप घेतला: स्फटिकाच्या खोलीनुसार परिणाम कसा उतरतो याचं गृहीतक जरा बदललं तर मोजमापात अतिवाहकतेची खोटी चाहूल येऊ शकते. हॅम्बुर्गच्या गटाने २०२४ मध्ये दुसरा पुरावा मांडला. लेसरचा स्पंद पडताच त्या काळ्या पदार्थातून चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकललं जाताना त्यांनी मोजलं. आमच्या टिकलीवर चुंबक तरंगलं त्याचीच ही पिकोसेकंदातली आवृत्ती. तरी सगळ्यांचं समाधान झालेलं नाही. मला हा वाद त्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो. मराठी वाचकाला निकाल वाचायला मिळतो, वाद वाचायला मिळत नाही.

मग खान्देशाचा यात संबंध काय? केळीला भाव नाही, कापसाचं बोंड किडलंय, आणि सर पिकोमीटर मोजतायत, असं कोणी म्हणालं तर मी रागावणार नाही. फक्त एक आठवण करून देईन. अमळनेरला १९१६ साली, लायडनच्या त्या पाऱ्यानंतर पाचच वर्षांनी, गिरणीमालक प्रताप शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. अद्वैताने सूत स्वस्त होईल असं काही त्यांना वाटलं नसणार. तापी-बोरीच्या मुलखात बसूनही जगातल्या अवघडातल्या अवघड प्रश्नाला हात घालता येतो, अशी ऐट त्या माणसात होती. ती ऐट आपण कधी गमावली? आपण आता गिऱ्हाईक झालो आहोत. जळगाव-धुळ्यात एमआरआय काढायला रोज रांग लागते. त्या यंत्राचं चुंबक म्हणजे हीलियममध्ये बुडवलेली अतिवाहक तारेची गुंडाळी. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना आणि बहुतेक वेळा आत बटण दाबणाऱ्यालाही याचा पत्ता नसतो. वापरतो आहोत, पण भागीदार नाही.

भागीदार व्हायला लेसर लागत नाही, आणि माझा सगळा मुद्दा इथे आहे. त्या हॅम्बुर्गच्या शोधनिबंधांमध्ये लेखकांची लांबलचक यादी असते. त्यात मधे कुठेतरी स्फटिक बनवणाऱ्यांची नावं असतात. काळ्या पदार्थाचे स्फटिक स्टुटगार्टहून आले, कार्बनच्या संयुगाची भुकटी इटलीतल्या पार्माहून. म्हणजे जगातला सर्वात भारी लेसर ज्यांच्याकडे आहे त्यांनाही चांगल्या भट्टीवाल्याच्या दारात जावं लागतं. वाईट स्फटिकावर चांगला लेसर मारून काही मिळत नाही. आणि भट्टी, खल, तराजू, ऑक्सिजनचं सिलेंडर आणि हिरवी टिकली पाहूनही खचून न जाणारा माणूस, हे सगळं तालुक्याच्या गावी जमू शकतं. जमलं होतं.

मोजमापाचं काय, असं विचारतील. त्यासाठी नकाशा उघडा. धुळ्याहून आग्रा रोडने सेंधव्याच्या बाजूने निघालात तर इंदूर मुंबई-पुण्यापेक्षा जवळ आहे. तिथे राजा रामण्णा केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही सिंक्रोट्रॉन यंत्रं आहेत. त्यांच्या क्ष-किरणांनी स्फटिकाची ठेवण बारकाईने वाचता येते. त्याच आवारात १२.५ ते ५० मायक्रोमीटर पट्ट्यासाठी आखलेला अवरक्त लेसर आहे. हॅम्बुर्गवाल्यांचे १५ मायक्रोमीटर त्या पट्ट्यात येतात, बघा. इंदुरातच यूजीसी आणि अणुऊर्जा विभागाचं संयुक्त केंद्र आहे, आणि ते काढलंच आहे विद्यापीठांतल्या संशोधकांना अणुऊर्जा विभागाची मोठी यंत्रं वापरता यावीत म्हणून; हीलियमच्या थंडीतली मोजमापंही तिथे होतात. अर्ज करायचा, प्रस्ताव पटला तर वेळ मिळतो. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला २०२४ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने मंजुरी दिली तेव्हा आमच्याकडे फटाके वाजले. कांदा कुठे जाईल, कापूस कुठे जाईल यावर चर्चा झडल्या. एखादी एम.एस्सी.ची मुलगी डब्यात टिकल्या घेऊन त्या गाडीने जाईल, असं कोणी बोललं नाही.

पण एका आक्षेपापुढे माझं तोंड बंद होतं, तो लपवत नाही. भट्टी देऊ, जार देऊ, प्रवासखर्च देऊ, शिकवणार कोण? आमच्या भागातल्या कॉलेजांत कित्येक विभाग सीएचबीवर चालतात. तासाला ठरलेले पैसे, सुट्टीत शून्य, पुढच्या वर्षी ऑर्डर निघेल की नाही ठाऊक नाही. असा माणूस रात्रभर भट्टीपाशी का जागेल? तिसरी खेप मी काढू शकलो कारण पहिल्या दोन वाया गेल्या तरी माझा पगार चालू होता. देश म्हणून आपण संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, आणि त्यातलं तालुक्यापर्यंत काय झिरपत असेल ते सांगायला नको. तेव्हा यादी करायचीच झाली तर सर्वात वर कायम नेमणूक लिहा. नायट्रोजन स्वस्त आहे.

बाकी माझी मागणी फार नाही. पशुसंवर्धन खात्याचा टेम्पो जेव्हा जार भरायला येतो तेव्हा त्याच रस्त्यावरच्या विज्ञान महाविद्यालयासाठीही एक जार भरून द्यावा; दोन खात्यांच्या कागदपत्रांखेरीज यात अवघड काही नाही. जळगावच्या विद्यापीठाने वर्षातून दोनदा पोरांची एक गाडी इंदूरला न्यावी, सहल म्हणून नव्हे, स्वतःचे नमुने घेऊन. आणि वर्तमानपत्रांनी ‘वीजगळती संपणार’ हे शीर्षक काही काळ तरी बंद ठेवावं.

आमची ती टिकली माझ्याकडे अजून आहे, व्हिक्सच्या रिकाम्या डबीत, तांदळाच्या चार दाण्यांसोबत. गेल्या वर्षी नातीला दाखवावं म्हणून दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर आता नवीन आहेत, तरुण आहेत. त्यांनी उत्साहाने जार उघडला. टिकली बुडवली, चुंबक ठेवलं. उठलं नाही. तीस पावसाळ्यांच्या दमट हवेने ती आतून खाल्ली होती. नात म्हणाली, ‘‘आजोबा, दुसरी बनवा ना.’’ बनवता येईल. साहित्य मिळतं, कृती पाठ आहे. भट्टी कॉलेजात त्याच खोलीत आहे; मध्यंतरी डोकावलो तेव्हा तिच्यावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले होते.